'पौंडात लिही' असं मीच म्हटलं होतं

काशा, ऐकतोस का रे? का तिथेही कुणाच्या तरी पेपरात तोंड खुपसून बसलायस? मी जेवायला हाक मारली की "हां बाय, एवढी ओळ संपवू दे" म्हणायचास, आणि तुझी ओळ काही संपायची नाही. भाकरी निवायची, चहावर साय धरायची. आता मी बोलते, तू ऐक. मधे तोंड घालायची सोय तुला उरली नाही, तेवढा एकच फायदा झालाय तुझ्या जाण्याचा. बघ, अजून जीभ कशी चालते माझी. तुझं तेरावं होऊन आठ दिवस झाले आणि मी तुला शिव्याच घालतेय.

रडून झालं. चारचौघांत रडायचं तेवढं रडले, भिंतीकडे तोंड करून रडायचं तेही रडले. पण आता जे उरलंय ते रडून जाणारं नाही. तीन वर्षं झाली त्याला. तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. आता मला एकटीलाच ठाऊक आहे.

तुझ्या तेराव्याला पंगतीत मी वरण वाढत होते. आपल्याच आळीतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पौंड्या गेला बिचारा. माणूस लाखाचा, पन पौंडानं खाल्ला त्याला." दुसरा म्हणाला, "बहिणीचं ऐकलं असतं तर आज चार लुमांचा मालक म्हनून गेला असता." असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं, आदरानं बघितलं रे, आणि पान पुढे केलं. मी त्याला वरण वाढलं. डाव हातात होता तो त्याच्या टाळक्यात घालायचा की माझ्या, ते मला कळेना. तुझ्या तेराव्याच्या जेवणातसुद्धा तुला नाव होतं ते पौंड्या. काशिनाथ म्हणून एक माणूस भिवंडीच्या टेमघरात जन्मला होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीत आहे ते, पण मला एकदा तुझ्यासमोर बोलू दे.

आई गेली तेव्हा तू परकरी पोरींच्या मागे दगड घेऊन धावायच्या वयाचा होतास आणि बा रेतीच्या होड्यांवर. मला अकलोलीला दिलेली. तिथला संसार चार वर्षांत आटोपला, नवरा तापानं गेला आणि मी हातात एक ट्रंक आणि मनगटात पाटल्या घेऊन परत टेमघरला आले. सासरचे म्हणाले पाटल्या ठेवून जा. मी म्हटलं, हात कापून ठेवते, चालेल? तू दारात उभा होतास. ट्रंक तूच उचललीस. त्या दिवसापासून मी तुझी बहीण कमी आणि आई जास्त झाले, आणि तू माझा शब्द खाली पडू दिला नाहीस. तिथेच सगळा घोटाळा झाला. एखाद दुसरा शब्द पडू द्यायचा होतास.

पाटल्या मोडून आपण लुमं घेतली, विजेवरचे माग. मुंबईच्या गिरणीनं भंगारात काढलेले चार सांगाडे. तू दुसऱ्यांच्या शेडमधे जॉबर होतास, बिघडलेलं लूम नुसतं ऐकून सांगायचास की दुखणं कुठे आहे. आपली चार तूच उभी केलीस. मी खाली बसून कांड्या भरायचे, धोट्यात बसते ती सुताची कांडी, आणि तू वर घामानं निथळत लूमच्या पोटात शिरलेला. कापडाचा पहिला ताका उतरला तेव्हा तू तो मला खांद्यावर घ्यायला लावलास. "बाय, तुझ्या पाटल्या हायत ह्या," म्हणालास. ते वाक्य मी पुढे कुठे वापरलं ते आपण दोघं जाणतो.

आणि तुझा तो पेपर! रद्दीवाल्याकडून दोन दिवस शिळा इंग्रजी पेपर आणायचास. शुक्रवारी भिवंडीतली लुमं बंद, सगळे हनीफभाईच्या हॉटेलात बाकड्यावर, आणि मधे तू, पेपर उघडून. बाकीचे सिनेमाच्या जाहिराती बघायचे, तुला मात्र ते कोपऱ्यातले बारीक आकडे हवे असायचे, कुठल्या देशाचा पैसा कितीला. आझमगडचे विणकर आणि आपल्या गावचे, सगळे तुझी फिरकी घ्यायचे. "काशीभाई, आज पौंड कैसा है? तबीयत ठीक है उसकी?" तू गंभीरपणे सांगायचास, "ठीक नहीं है. बुखार है." आणि सगळे हसायचे. आणीबाणी आली तेव्हा तू म्हणालास, बाकी पेपरात आता काही राहिलं न्हाय, एवढाच कोपरा खरा हाय.

मला ते खूळ वाटायचं. तू मला समजवायचास, आणि समजवायचास मात्र झकास. "बाय, बाची डोणी आठवते? भरतीला मोठ्या गलबताच्या मागे दोरीनं बांधायचा. वल्हवायला नको, आपोआप जाते. आपला रुपया तसा पौंडाच्या मागे बांधलाय. पन गलबतच फुटलंय. पौंड खाली चाललाय आनि त्याच्या मागे रुपया. आपल्याला विचारतो कोन? जपानी सूत महाग झालं म्हनून तू वान्याला शिव्या घालतेस, तो वानी काय करील? ते त्या दोरीमुळं महाग झालं."

मी म्हणायचे, "मग सोड ना दोरी."

"मी सोडनारा कोन? दिल्लीत सोडतील तेव्हा."

"तोवर कांड्या भर."

आणि तू हसत हसत कांड्या भरायला बसायचास. बायकांचं काम म्हणून कधी नाक मुरडलं नाहीस. काशा, ते दिवस चांगले होते रे. चांगले आहेत हे तेव्हा कळलं नाही एवढंच.

मग तो मुंबईचा शेठ आला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे लोक कमरेला गुंडाळतात तसलं चौकड्यांचं कापड त्याला हवं होतं, दोन वर्षं, दर महिन्याला ठरलेले ताके. आपल्या चार लुमांना दोन वर्षं काम! मी देवापुढे नारळ ठेवला. करार करायला आपण दोघं त्याच्या पेढीवर गेलो. माळ्यावर गादी, पांढरी चादर, तक्क्याला टेकून शेठ. माणूस गोड. म्हणाला, "काशिनाथभाई, भाव रुपयात लिहू की पौंडात? पौंडात घ्याल तर थोडा चढा देईन." तू काही बोलायच्या आत त्याचा फोन वाजला आणि आपण बाहेर जिन्यावर आलो.

तो जिना मला रोज दिसतो. लाकडी, अरुंद, आणि हमाल डोक्यावर गाठी घेऊन वर चढताहेत, आपण भिंतीला चिकटून उभे. तू म्हणालास, "बाय, रुपयात घ्यायचं."

मी म्हटलं, "शेठ जास्त देतोय पौंडात."

"का देतोय? त्याला पौंड एवढा गोड वाटतो तर आपल्याला कशाला देईल? त्याच्या हातात विस्तव हाय, तो आपल्या पदरात टाकतोय. बाय, दोरी सोडनार हायत. आज न्हाय तर उद्या. मग ज्यानं पौंड धरला तो गलबताबरोबर तळाला जाईल."

आणि मी तुला काय सांगितलं? तेच, जे टेमघरातलं शेंबडं पोरही सांगतं. सहासष्टला सरकारनं रुपया पाडला तेव्हा आपल्या आळीच्या दामू पाटलाचा माल पौंडात ठरलेला होता. त्याला ना काम वाढवावं लागलं ना माल, तेवढ्याच ताक्यांचे दीडपट रुपये हातात आले आणि वर्षाच्या आत कौलं जाऊन त्याच्या घराला स्लॅब आला. ते घर अजून आपण येता जाता बघतो. अख्ख्या भिवंडीनं त्या घराकडे बघून एकच गोष्ट शिकून ठेवली, की रुपया खाली जातो आणि परदेशी पैसा वर जातो. सूर्य पूर्वेला उगवतो तसं. मी तुला म्हटलं, "रुपया कधी वर गेलेला बघितलास? मी न्हाय बघितला. बानं न्हाय बघितला. तूच एकटा शहाणा?"

तू म्हणालास, "बाय, रुपयाला वर जायची गरजच न्हाय. पौंड एकटा खाली गेला तरी आपन मेलो."

मला ते कळलं नाही. खरं सांगते, कळलं नाही. आणि न कळलेल्या माणसाला राग फार लवकर येतो. हमाल ढकलून जात होते, आत शेठ फोन ठेवत होता, आणि मी तुला म्हटलं, "माझ्या पाटल्यांवर लुमं उभी राहिलीत काशा, तुझ्या रद्दीवर न्हाय. पौंडात लिही."

तू माझ्याकडे बघितलंस, रागानं नाही. मान हलवलीस, आत गेलास आणि सही करून आलास. कागदाची घडी खिशात घातलीस, म्हणालास, "झालं बाय. पौंडात." खाली उतरल्यावर मला उसाचा रस पाजलास आणि आलं जास्त घालायला सांगितलंस, मला आवडतं म्हणून.

तू तेव्हा भांडायला हवं होतंस रे. माझा हात झिडकारून, "गप बस, तुला काही कळत न्हाय" म्हणायला हवं होतंस. जगातले सगळे भाऊ म्हणतात. तुलाच काय झालं होतं?

दोन-तीन महिने काही झालं नाही. मी तुला चिडवायचे सुद्धा, "काय रे, तुझ्या पौंडाचा बुखार उतरला वाटतं." मग गणपती उठले, पितृपंधरवडा लागला. आईबाचं पान वाढायचं म्हणून मी अळू निवडत बसले होते. तू हनीफभाईकडून आलास, पेपर काखेत, पण चालीत काही जोर नव्हता. ओट्यावर बसलास. म्हणालास, "बाय, दोरी सोडली. रुपया आता पौंडाला बांधलेला न्हाय."

मी म्हटलं, "मग चांगलंच झालं की! तुला हवं तेच झालं. आता आपला रुपया मोठा."

तू हसलास. काशा, ते हसणं मला विसरता येत नाही. "हां बाय," म्हणालास, "डोणी सुटली. पन आपन तिच्यातून आधीच उडी मारून गलबतात बसलोय."

मग सुरू झालं ते. तेवढेच ताके, कागदावर तेवढेच पौंड, आणि हातात पडायचे रुपये महिन्यागणिक कमी. सूत काही स्वस्त होईना. करार पुरा करायला सूत हवं, सुताला पैसा हवा, पैशासाठी लूम विकायचं, आणि लूम विकलं की करार कशावर पुरा करायचा? तू शेठकडे जाऊन आलास. त्यानं चहा पाजला, बिस्किटं दिली आणि म्हणाला, "काशिनाथभाई, मैंने तो पूछा था ना?" विचारलं होतंच त्यानं. त्याला शिव्या घालायचीही सोय नव्हती. देशाचा रुपया सावरला म्हणून बुडालेलं घर अख्ख्या टेमघरात आपलंच. लोकांना समजावता येईना. महापूर नाही, आग नाही, चोरी नाही, मग तुमचं गेलं कशानं? काय सांगायचं, विलायतेत काहीतरी झालं म्हणून?

तू मला सांगायचा प्रयत्न करायचास. तेल महाग झालं, तेलवाल्या देशांत पैसा मावेना, तो त्यांनी विलायतेत नेऊन ठेवला आणि मग काढून घेतला, अमेरिका नुसत्या नोटा छापते, जपान विकत सुटलाय आणि घेत काहीच नाही. एकीकडे ढीग आणि एकीकडे खड्डा, म्हणायचास, आणि खड्डा भरायला माती कुणाच्या अंगणातली नेतात बघ. मी म्हणायचे, "जगाला तुझ्या चार लुमांची काय पडलीय?" तू म्हणायचास, "जगाला न्हाय पडली म्हनून तर आपल्याला पडायला पायजे. आपन वाचलंच न्हाय तर आपल्याला कोन सांगनार?" मी म्हणायचे, "वाचून काय उपटलंस?" या भांडणाचा निकाल लागायचाच राहिला. तू वाचून बुडालास आणि मी न वाचता बुडवलं. सांग, कोण जिंकलं?

शेवटचं लूम हातगाडीवर घालून पलीकडच्या गल्लीत गेलं, आणि महिन्याभरात त्याच शेडमधे तू जॉबर म्हणून ड्युटीला लागलास. स्वतःच्या हातानं उभं केलेलं लूम दुसऱ्याच्या पगारावर दुरुस्त करायला. मी एकदा डबा घेऊन गेले होते. तू त्याच्या पोटात वाकून शिरला होतास, पाय तेवढे बाहेर. मी डबा दारात ठेवला आणि हाक न मारता परत आले.

तोवर तुझा पौंड्या झाला होता. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण पोरंसुद्धा म्हणायची. तू वळून बघायचास आणि ओ द्यायचास! मी चिडले की म्हणायचास, "म्हनू दे गं बाय, काय भोकं पडतात अंगाला?"

आणि मग एक दिवस शेजारची माझ्याकडे आली. तिच्या नवऱ्याला कुठली तरी भागीदारी घ्यायची होती. म्हणाली, "यमुनाबाय, तू सांग. तू तर काशाला पौंड नको म्हनत होतीस, त्यानं ऐकलं न्हाय. तुला कळतं." मी कांडी खाली ठेवून तिलाच खोदून विचारलं. तू हनीफभाईच्या हॉटेलात सगळ्यांना सांगितलं होतंस, पौंडाची अक्कल माझीच, बहीण नको नको म्हणत होती!

तू ड्युटीवरून आलास तसं मी तुला उभं आडवं घेतलं. "काय सांगत फिरतोस?" तू पाय धूत होतास. म्हणालास, "मी काय, उद्या कुठल्याही शेडमधे पाना धरीन. तुझ्याकडे चार बाया कांड्या भरायला येतात त्या तुझ्या शब्दावर येतात. तुझा शब्द गेला तर तुझ्याकडे काय ऱ्हातं, बाय?" आणि टॉवेल मागितलास.

मी टॉवेल दिला. दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगायचं असं ठरवलं होतं, गेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आणि आता सगळं बोलायचंच ठरवलंय तर हेही ऐक. मला बरं वाटायला लागलं होतं रे. बायका सल्ला विचारायला यायच्या, मी भिंतीला टेकून बसायचे आणि सांगायचे, हे कर, ते करू नको. मेली सटवी मी! तुझ्या नावाला डाग लागला, त्यातून माझं शहाणपण उभं राहिलं, आणि तीन वर्षं मी त्या शहाणपणावर ऐटीत बसले. तुझी बायको सुमन, तिला तू कधी खरं सांगितलंस का? नाहीच सांगितलंस. ती तुझ्यावर चिडली की म्हणायची, "वन्संचं ऐकायला काय झालं होतं तुम्हाला?" मी तिथेच तांदूळ निवडत असायचे. तू माझ्याकडे बघायचाही नाहीस, मला लाज वाटू नये म्हणून.

मग कावीळ. डोळे हळदीसारखे, अंग सुकत चाललेलं. गणेशपुरीच्या बाजूचा झाडपाला झाला, सरकारी दवाखाना झाला. खाटेवर पडल्या पडल्या तू विचारलंस, "बाय, पेपर आनलास? आज पौंड कितीला?" मी म्हटलं, "मेला तो पौंड, त्याचं नाव काढू नको." तुला हसू आलं, पण हसायला दम पुरला नाही. सुमन औषध आणायला गेली होती, खोलीत आपण दोघंच. मी म्हटलं, "काशा, जिन्यावर मी तुला जे बोलले ना..." तू म्हणालास, "बाय, पानी दे." मी पाणी दिलं. तू दोन घोट घेतलेस आणि डोळे मिटलेस. तहान खरीच लागली होती, की मला बोलू द्यायचं नव्हतं? एवढं एकच मला सांगून जायचं होतंस. बाकी सगळं जगाचं सांगितलंस, एवढं राहिलं.

तर काल शुक्रवार होता. मी हनीफभाईच्या हॉटेलात गेले. हो, आत. आपल्याकडच्या बायका तिथे जात नाहीत, पण मी गेले. सगळे होते, बाकडी भरलेली. तुझी जागा कुणी घेतली नव्हती, तिथे एक पाण्याचा जग ठेवला होता. मी उभ्यानंच सांगितलं. म्हटलं, "ऐका सगळे. काशानं पौंड न्हाय मागितला. तो रुपयात घे म्हनत होता. पौंडात लिही असं मी म्हटलं, मी यमुनानं, जिन्यावर. त्याला माझ्या पाटल्यांचं बोलून गप्प केलं. त्यानं तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. बुडवलं ते मी. आता परत कुनी त्याला पौंड्या म्हनायचं न्हाय."

मला वाटलं, आता शिव्या देतील. थुंकतील. मी त्याचसाठी गेले होते रे. कुणीतरी एकदा माझ्यावर थुंकायला हवं होतं.

हनीफभाई गल्ल्यावरून उठले. खांद्यावरच्या फडक्यानं बाकडं पुसलं. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "बैठो बहन." आणि मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "देखा? बहन हो तो ऐसी हो. मरे हुए भाई का दाग अपने सर ले रही है."

मी ओरडले, "न्हाय हो, खरं सांगते! आईची शपथ!" तेव्हा तेराव्याला जेवून गेला होता तोच, वरण वाढलं होतं तो, उठून माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "बास कर यमुनाबाय. कळलं आमाला. त्याला न्हाय म्हनत आता कुनी पौंड्या. तू नको असं अंगावर घेऊस." मी पुन्हा सांगितलं. जिना सांगितला, हमाल सांगितले, उसाचा रस सांगितला. जेवढं सांगत होते तेवढे ते रडत होते. दामू पाटलाचा मुलगा म्हणाला, काशा स्वतः कबूल झाला होता, बाय, तो खोटं बोलनारा मानूस न्हवता. शेवटी मला चहा दिला त्यांनी, तुझ्या जागेवर बसवून. मी तो प्यायले. काय करणार होते?

असं करून ठेवलंस बघ तू. तीन वर्षं तू इतक्या प्रेमानं खोटं बोललास की आता माझं खरं कुणी ऐकत नाही. मी मरेपर्यंत शहाणीच राहणार.

घरी आले तर माझ्याआधी बातमी पोचलेली. सुमन दारात होती. वाकून पाया पडली माझ्या. तिचे हात धरून मी म्हटलं, "सुमन, तू तरी ऐक, ते खरंय गं." ती म्हणाली, "वन्सं, मला माहीत हाय तुमचं मन," आणि डोळे पुसून मला आत घेऊन गेली.

आणि आज सकाळी तिचा भाऊ आला होता. तो आणि सुमन मिळून दोन लूम घेणार आहेत, तिच्या माहेरच्या वाट्याच्या जमिनीवर. तुझ्या पोरांना तोच एक आधार, दुसरं काय आहे त्यांना? मुंबईचा एक व्यापारी काम द्यायला तयार आहे, माल बाहेर जाणार. सुमन माझ्यासमोर पाटावर येऊन बसली. म्हणाली, "वन्सं, तो विचारतोय भाव रुपयात लिहू की डॉलरात. डॉलरात घेतलं तर थोडा चढा देतो म्हनतो. माझा भाऊ डॉलर म्हनतोय. पन मी त्याला सांगितलं, वन्सं म्हनतील तसं. हे मला नेहमी सांगायचे, काही अडलं तर बायला विचार, बायचं कधी चुकत न्हाय."

तुझे पेपर फळीवर तसेच आहेत. मी खाली काढले. तो कोपरा सापडला. एकेक आकडा बोटानं धरून वाचला, आकडे येतात मला, पण ते काय सांगताहेत ते येत नाही. मी चौथी शिकलेली बाई. सुमन परवा उत्तर मागणार आहे.

काशा, काय सांगू रे तिला?